आभाळात आडोसा नाही

विमानाचा शोध लावून झाल्यावर ऑर्व्हिल राइट १९११ च्या ऑक्टोबरात पुन्हा किटी हॉकच्या वाळूवर गेला. या वेळी यानाला इंजिन नव्हतं. नुसत्या वाऱ्यावर तो तरंगत राहिला ९ मिनिटं ४५ सेकंद, आणि हा विक्रम पुढे दहा वर्षं टिकला. ग्लायडिंगच्या इतिहासात या उड्डाणाचं कौतुक भरपूर आहे, पण त्याची सर्वांत सुखाची बाजू कोणी सांगत नाही. पावणेदहा मिनिटांत माणसाला लघवीला लागत नाही.

पुढचा घोळ जर्मनांनी घातला. पहिलं महायुद्ध हरल्यावर त्यांच्या इंजिनवाल्या विमानांवर बंधनं आली. तेव्हा तिकडची पोरं वासरकुप्पे नावाच्या डोंगरमाथ्यावर जमून बिनइंजिनाची विमानं उडवू लागली. १९२२ च्या ऑगस्टात तिथे एकाने तासभर हवेत राहून दाखवलं, दुसऱ्या दिवशी दुसऱ्याने दोन तास, आणि आठवडा उलटायच्या आत त्यानेच तीन तास. इथवर ठीक होतं. तीन तास माणूस कळ काढतो. पण तरंगायला शिकलेला माणूस खाली यायचं नाव घेत नाही. दक्षिण फ्रान्समध्ये आल्पीय नावाच्या बुटक्या टेकड्या आहेत. त्यांच्यावर मिस्त्राल वारा येऊन आपटतो आणि वर चढतो. त्या चढत्या वाऱ्यावर येरझाऱ्या घालत मार्सेल श्वाने या बाई १९५१ साली ३५ तास हवेत राहिल्या. पुढच्याच वर्षी, एप्रिल १९५२ मध्ये, शार्ल आत्जे हा गृहस्थ तिथेच एकटा ५६ तास १५ मिनिटं राहिला. नंतर कोणी असाच उडता उडता झोपून जिवाला मुकला, म्हणून वेळेचे विक्रम नोंदवणंच बंद झालं. झोपेची अशी रीतसर दखल घेतली गेली. दुसऱ्या निसर्गधर्माची कोणीही घेतली नाही.

हे आकडे मी घरी वाचून दाखवले. तरुण मंडळींनी वाऱ्याचा वेग विचारला, कोणी पंखांची लांबी विचारली. बायको ताटं उचलत होती, ती म्हणाली, "छप्पन्न तास? आणि लागली असेल तेव्हा काय केलं हो त्याने?"

सगळे हसले. पण हा प्रश्न विचारणारी ती पहिली नव्हे. १९२७ साली लिंडबर्ग साडेतेहतीस तास एकटा उडत न्यूयॉर्कहून पॅरिसला पोचला आणि मग लंडनला राजवाड्यात त्याला बोलावणं आलं. तिथे पंचम जॉर्जने जरा पुढे वाकून नेमकं हेच विचारलं, अशी नोंद इंग्रज लेखक हॅरल्ड निकल्सनच्या रोजनिशीत आहे. अर्ध्या जगाचा बादशहा आणि आमच्या घरची अन्नपूर्णा यांचं एखाद्या विषयावर इतकं एकमत व्हावं, म्हणजे प्रश्नात काहीतरी दम असणार.

ग्लायडरची गंमत अशी की ते सतत खालीच येत असतं. विंचने किंवा दुसऱ्या विमानाला दोर बांधून त्याला वर नेऊन सोडतात. तिथून पुढचा सगळा प्रवास घसरगुंडीचा. ज्या वेगाने आपण घसरतो त्याहून जास्त वेगाने वर जाणारी हवा शोधायची, एवढीच यातली विद्या. उन्हाने जमीन तापते, तिच्यावरून गरम हवेचा खांब उठतो, त्याला थर्मल म्हणतात. घारी पंख न हलवता त्यात गिरक्या घेत चढतात. वैमानिकही घार दिसली की तिच्या शेजारी जाऊन गिरक्या घेऊ लागतो आणि घार त्याला हुसकत नाही. फरक इतकाच, की घारीला मूत्राशय नसतं. पक्ष्यांना ते दिलेलंच नाही. त्यांचा सगळा कारभार पांढऱ्या लगद्याच्या रूपात, वेगळी साठवण न करता, आला की सुटतो. आपल्या धुतलेल्या गाडीवर त्याचे दाखले मिळतात. उडायचं तर ओझं बाळगायचं नाही, हे निसर्गाने फार पूर्वी ठरवून टाकलं होतं. माणसाने घारीचे पंख उचलले, शेपटी उचलली, गिरक्याही उचलल्या आणि नेमकी ही सोय घ्यायची राहून गेली.

माझा स्वतःचा ग्लायडरचा अनुभव हडपसरच्या ग्लायडिंग सेंटरपुरता. विंचने खेचून वर, पुण्याची घरं बघून काही मिनिटांत खाली. म्हणजे ऑर्व्हिल राइटच्या मर्यादेत. पण माझा भाचा नोकरीनिमित्त श्टुटगार्टकडे असतो आणि तिकडच्या श्वेबिश आल्ब डोंगररांगेवर सुट्टीच्या दिवशी आठ-आठ तास उडतो. दिवाळीला आला होता. फोटो दाखवून झाले, ढगांचे, नदीच्या वळणांचे, आणि मग त्याच्या मामीने बादशाही प्रश्न टाकला. पोरगा लाल झाला. "मामी, ते नंतर सांगतो." नंतर म्हणजे त्याची आई, माझी ताई, आत फराळाचं बघायला गेल्यावर. मग मात्र तो जो सुटला तो तासभर बोलत होता. या मंडळींना विचारणारं कोणी भेटत नाही, एवढंच.

मी म्हटलं, "अरे, मग उतरायचं की खाली."

"मामा, उतरलो की दिवस संपला."

ते खरं आहे. या खेळात सिल्व्हर बॅज नावाची पहिली मोठी पायरी असते. तिच्यासाठी पन्नास किलोमीटर जावं लागतं, हजार मीटर चढावं लागतं आणि सलग पाच तास हवेत राहावं लागतं. पहिल्या दोन गोष्टींना कौशल्य लागतं. तिसरीला काय लागतं ते चौथ्या तासाला कळतं. बहुतेक नवशिके हे पाच तास आपल्याच विमानतळाच्या डोक्यावर घिरट्या घालत काढतात. खाली धावपट्टी दिसते, क्लबचं छप्पर दिसतं आणि छपराच्या कोपऱ्यातली ती खोलीही दिसते. दार उघडं आहे, आत कोणी नाही, हेही दिसतं. एअरब्रेकची निळी मूठ ओढली की थोड्याच वेळात आपण तिथे. नाही ओढली तर बॅज.

मुठींचे रंग जगभर ठरलेले आहेत. दोर सोडायची पिवळी, एअरब्रेकची निळी, ट्रिमची हिरवी, जीव वाचवायला कॅनॉपी, म्हणजे डोक्यावरचं पारदर्शक झाकण, उडवून द्यायची लाल. गोंधळ होऊ नये म्हणून युरोपातल्या विद्वानांनी बसून हे नियम केले. आठ तासांच्या उड्डाणात लाल मूठ कोणी ओढत नाही, पिवळी एकदाच ओढतात. ज्या कामाची वेळ हमखास दोन-तीनदा येते त्याला मूठही नाही आणि रंगही नाही. साठ मीटर पुढे गेल्यावर एकच मीटर खाली येणारं यंत्र ज्यांनी घडवलं, पंखाचा पृष्ठभाग घासून आरशासारखा केला, त्यांनी इथे येऊन हात टेकले आणि वैमानिकाला सांगितलं, तुमचं तुम्ही बघा.

बघायचं म्हणजे कुठे, हाही प्रश्न. ग्लायडरमध्ये बसतात म्हणणं बरोबर नाही. त्यात रेलून पडतात. हवेला अडथळा होऊ नये म्हणून त्याचं पोट खांद्याएवढंच रुंद ठेवलेलं असतं. पाय पुढे ताणलेले, पाठ मागे टाकलेली. पाठीला पॅराशूट, त्याचे दोन पट्टे मांड्यांमधून वर येतात. त्यावर सीटचे चार किंवा पाच पट्टे. पाचवा कुठून येतो ते विचारू नका. पट्ट्यांखाली विजार, विजारीखाली थंडीची आणखी एक विजार, कारण तीन हजार मीटरवर ऐन उन्हाळ्यातही पारा हाताच्या बोटांवर मोजण्याइतका उतरतो. आणि या सगळ्याच्या बरोबर मध्ये, दोन गुडघ्यांच्या बेचक्यात, उभी असते कंट्रोल स्टिक. विमानाचा आराखडा करणाऱ्याला आख्ख्या कॉकपिटात हीच जागा सापडली.

सगळ्यात सरळ मार्ग पिशवीचा. झिप असलेली जाड प्लॅस्टिकची पिशवी, जिच्यात आपण सोललेले मटार ठेवतो, आणि आत स्पंजचा तुकडा. खास या कामाच्या पिशव्याही विकत मिळतात. त्यांत पांढरी पूड असते. तिच्यावर द्रव पडला की कण फुगतात आणि थोड्या वेळाने सगळा भिजवलेल्या साबुदाण्यासारखा घट्ट गोळा होतो. (एकादशीला हा लेख वाचणाऱ्यांनी मला माफ करावं.) पिशवीत दोष नाही. खरी परीक्षा क्रमाची असते. थर्मलमध्ये गिरक्या घेताना हे जमत नाही. म्हणून एक थर्मल सोडून दुसऱ्याकडे सरळ जाताना वेळ साधायची. आधी आजूबाजूला कोणी नाही ना ते बघायचं. ट्रिम लावायचं. स्टिक गुडघ्यांत धरायची. पोटावरचा पट्टा सैल करायचा. पॅराशूटचे पट्टे बाजूला. पहिली विजार. दुसरी विजार. हातमोजे काढायचे, ते सीटखाली पडतात, पडू द्यायचे. पिशवी उघडायची. एवढ्यात हवेचा धक्का बसून डावा पंख खाली जातो, म्हणून पिशवी दातांत धरून स्टिक हातात घ्यायची, पंख सरळ करायचा आणि पुन्हा पहिल्यापासून. रेडिओवर बोलायचं बटण स्टिकवरच असतं. धांदलीत एखाद्याचा हात त्यावर दाबून बसतो आणि पुढची दोन मिनिटं त्या फ्रिक्वेन्सीवरच्या सगळ्या विमानांना त्याचं स्वगत ऐकू येतं. भाच्याच्या क्लबात अशा एका स्वगताची अजून नक्कल करतात.

झालेल्या कामाची विल्हेवाट हा पुढचा अध्याय. शहाणे लोक पिशवी बंद करून सीटमागे ठेवतात आणि उरलेलं उड्डाण ती नीट बंद झाली का याचा विचार करत काढतात. काही धाडसी लोक कॅनॉपीच्या छोट्या खिडकीतून पिशवी रिकामी करतात. ग्लायडर ताशी शंभरच्या पुढे जात असतं. खिडकीपाशी वारा कुठून कुठे वळेल याचा नेम नाही. बाहेर टाकलेल्या गोष्टीचा काही भाग आत परत येतो, काही शेपटीपर्यंत जातो. स्पर्धेच्या नियमांत ओझं म्हणून हवेतून काय टाकता येतं, तर पाणी आणि बारीक वाळू. आपण टाकतो ते पाण्यात मोडतं की नाही, यावर वकिलांनी वाद घालावा. खालून जाणाऱ्या वैमानिकाचं मत आधीच पक्कं असतं. मोठ्या स्पर्धेत एकाच थर्मलमध्ये वीस-वीस ग्लायडरं एकावर एक मजले चढवल्यागत फिरत असतात. तिथे खालच्या मजल्याची काळजी घेणं हा नियमाचा नाही, संस्काराचा भाग आहे.

जे हा खेळ गांभीर्याने घेतात ते नळीकडे वळतात. अंथरुणाला खिळलेल्या आजोबांसाठी औषधाच्या दुकानात कंडोम कॅथेटर मिळतो तोच, त्याला रबरी नळी, आणि नळी विमानाच्या पोटाला भोक पाडून बाहेर. कागदावर हे निर्दोष दिसतं. प्रत्यक्षात पाणी उताराकडे वाहतं, आणि रेलून पडलेल्या माणसापासून विमानाच्या तळापर्यंत उतार असतो चार बोटं. तेवढ्यात नळी पॅराशूटच्या पट्ट्याखाली चिमटली तर काय होतं, हे भाच्याने हाताने करून दाखवलं. मामीने तोंड फिरवलं. नळीचं बाहेरचं तोंड जरा पुढे वळलेलं राहिलं तर वारा आत घुसतो आणि वाहतुकीची दिशा उलटते. ते तळाला घासून ठेवलं तर सगळा प्रवाह पोटाला चिकटून मागे जातो आणि पांढऱ्याशुभ्र विमानावर पिवळी रेघ उमटते. म्हणून नळी चांगली वीतभर बाहेर काढायची सोय करतात, आणि मग उतरताना ती आत घ्यायला विसरतात. काही जण नळी चाकाच्या कप्प्यात सोडून मोकळे होतात. तिथलं लोखंड आणि ॲल्युमिनियम दोन-चार हंगामांत खायला लागतं. ज्या मेकॅनिकला ते उघडून बघावं लागतं, त्याच्याशी पुढे कोणत्याही विषयावर बोलणं अवघड होतं.

कॅथेटर मापात येतो, आणि इथे पुरुषजात उघडी पडते. योग्य माप घेतलं तर सगळं सुरळीत. पण दुकानदारासमोर लहान माप मागायला जीभ रेटत नाही, म्हणून मोठं घेतात आणि तीन हजार मीटरवर त्याची किंमत मोजतात. ही अडचण चंद्रावर जाणाऱ्यांनाही चुकली नाही. अंतराळवीरांनी मापांची नावंच बदलून घेतली होती आणि सगळ्यांत लहान मापालाही भलंमोठं विशेषण लावलं होतं, असं अपोलो ११ च्या मायकेल कॉलिन्सने आपल्या पुस्तकात मिश्किलपणे लिहून ठेवलंय. त्याआधी, ५ मे १९६१ ला, ॲलन शेपर्ड अवकाशात निघाला तेव्हा तर काहीच सोय नव्हती. उड्डाण पंधरा मिनिटांचं, त्यात कशाला लागेल, असा हिशेब. हिशेब बरोबर होता, पण रॉकेट सुटायलाच तासन् तास उशीर झाला. शेवटी बिचाऱ्याने वरिष्ठांकडे रीतसर परवानगी मागितली आणि सूटमध्येच उरकलं. अंगाला लावलेले डॉक्टरांचे सेन्सर काही काळ बंद पडले. माणसाला वर पाठवायला कोट्यवधी डॉलर खर्चणाऱ्या देशाला पोराला घराबाहेर काढण्यापूर्वी जे आई विचारते ते विचारायचं सुचलं नाही.

साधन कोणतंही घ्या, खरा शत्रू वेगळाच आहे. शरीर ऐकत नाही. दोन वर्षांचे असताना आपल्याला पटवून दिलेलं असतं की कपड्यांत करायची नाही, पडल्या पडल्या करायची नाही, बसल्या जागी करायची नाही. पुढची तीस वर्षं आपण ते पाळतो, आणि मग एक दिवस तिन्ही नियम एकदम मोडायला सांगितले की मूत्राशय संपावर जातं. त्रास पराकोटीचा, साधन जागेवर, सगळं तयार, आणि थेंब नाही. म्हणून जाणकार सांगतात, पहिला प्रयोग घरी करा. भाच्याने केला. न्हाणीघरात आरामखुर्ची आडवी टाकली, पाय भिंतीला लावले, पॅराशूट क्लबातून आणलं होतं ते चढवलं, कानटोपी घातली आणि डोळे मिटून आल्बच्या टेकड्या आठवू लागला. वीस मिनिटांनी बायकोने दार वाजवलं. "काय चाललंय?" त्याने खरं सांगितलं. दाराबाहेर बराच वेळ कोणी बोललं नाही.

इथे त्याला आईची शिकवण उपयोगी पडली. आपल्याकडे लहान मुलाला मोरीवर धरून आई तोंडाने शूऽऽ, शूऽऽ असा आवाज काढते आणि मूल आज्ञा पाळतं. ग्लायडरमध्ये इंजिनाची घरघर नसते. कॅनॉपीच्या फटीतून आणि हवेच्या झडपेतून येणारा एकच आवाज आठ तास कानात असतो. शूऽऽ. जर्मन वैमानिकांना तो नुसता वारा वाटतो. आमच्या भाच्याला मात्र पहिल्या तासापासूनच जायला हवं असं वाटू लागतं. पण साधन जोडल्यावर शरीर आडून बसलं, तर झडप थोडी जास्त उघडायची. म्हणाला, "मामी, हमखास." ताई आतून विचारत होती, काय हमखास?

या सगळ्या कटकटीला कंटाळलेला माणूस शेवटी तो मार्ग धरतो जो सर्वांत सोपा आणि सर्वांत वाईट आहे. तो पाणीच पीत नाही. सकाळची कॉफी बंद, बाटली घरी. वर पारदर्शक कॅनॉपीतून दिवसभर ऊन डोक्यावर, उंचीवरची हवा कोरडी, पाय विमानाच्या नाकाडातल्या सावलीत गारठलेले. थंडीने शरीर जास्तच लघवी तयार करतं. म्हणजे न पिता जायचं असतंच. पाचव्या-सहाव्या तासाला डोकं दुखायला लागतं, हिशेब चुकायला लागतात, आणि विमान उतरवण्याचं सगळ्यांत नाजूक काम नेमकं तेव्हाच शिल्लक असतं. लढाऊ वैमानिकांतही ही खोड इतकी जुनी आहे की अमेरिकेच्या हवाई दलात तिला डावपेचाचं भारदस्त नाव मिळालंय. तहानलेलं राहण्यात डावपेच कसला हे मला कळत नाही, पण लाजेला गणवेश चढवला की ती शिस्त दिसते. आणि विरोधाभास बघा: जड विमान जास्त वेगाने पुढे जातं म्हणून स्पर्धेच्या ग्लायडरच्या पंखांत दोन-दोनशे लिटर पाणी भरतात. दोन्ही बाजूंना पाण्याच्या टाक्या आणि मधला माणूस कोरडा. शिवांबूवाले मोरारजीभाई देसाई ग्लायडर उडवत असते तर तहान आणि पिशवी हे दोन्ही प्रश्न एकाच घोटात मिटले असते.

आत्तापर्यंत मी जे सांगितलं ते सगळं पुरुषांचं. पिशवी त्यांची, नळी त्यांची, मापाचा अहंकारही त्यांचाच. बाईने काय करायचं? रेलून पडलेल्या अवस्थेत नरसाळ्यासारखं साधन उपयोगाचं नाही, पाच पट्ट्यांत कंबर उचलता येत नाही. बहुतेक जणी मोठ्यांचे डायपर वापरतात आणि त्याबद्दल पुरुषांइतक्या फुशारक्या मारत नाहीत. मार्सेल श्वाने बाईंच्या पस्तीस तासांपुढे मला म्हणूनच आत्जेचे छप्पन्न जरा फिके वाटतात. लढाऊ विमानांत बायका बसू लागून कित्येक वर्षं झाल्यावर, २०२० साली, अमेरिकेच्या हवाई दलाने त्यांच्यासाठी बरं साधन कोणीतरी सुचवा असं जाहीर आवाहन केलं. विमान अदृश्य करून झालं होतं, तेव्हा कुठे याला वेळ मिळाला. मामी हे ऐकताना हसत नव्हती. सोलापूरची एसटी पकडायची म्हणून आदल्या रात्रीपासून पाणी तोडणाऱ्या बायका तिने पाहिल्या आहेत, तीही त्यांतलीच. मुंबईत बायकांनी २०११ साली राइट टू पी नावाची चळवळ उभी केली ती काही हौस म्हणून नव्हे. ती एवढंच म्हणाली, "म्हणजे तिकडे वरसुद्धा तेच."

आणखी वर गेलं तर आणखी तेच, फक्त गोठलेलं. डोंगरांवरून वारा उसळून मोठमोठ्या लाटा तयार होतात, त्या लाटांवर चढून दूर जाण्याचं वेड असलेले लोक आहेत. क्लाउस ओलमान यांनी २००३ साली अर्जेंटिनात अँडीजच्या कडेकडेने एका दिवसात तीन हजार किलोमीटरचा पल्ला मारला. उजाडायला निघायचं ते मावळेपर्यंत. बाहेर उणे तीस, तोंडावर ऑक्सिजनचा मुखवटा. या थंडीत पोटाबाहेर काढलेल्या नळीचं पहिला वापर होताच काय होत असेल? तोंडाशी बर्फाचं बूच बसतं, आणि ते बसलंय हे दुसऱ्या वापराच्या मध्यावर समजतं. अर्जेंटिनाच्याच एल कलाफातेहून २०१८ मध्ये पर्लान २ हे ग्लायडर ७६,००० फुटांच्या वर गेलं. इतक्या उंचीवर कॅबिनचा दाब गेला तर अंगातलं पाणी शरीराच्याच उबेने उकळू लागतं. तिथे लघवी तुंबवणं ही किरकोळ बाब म्हणायची.

कधी कधी मात्र प्रश्न आपोआप सुटतो. ढग पसरतात, थर्मल मरतात आणि घरापासून शंभर किलोमीटरवर एखाद्या शेतात उतरावं लागतं. याला हे लोक फजिती समजत नाहीत, खेळाचाच भाग समजतात. शेतकरी ट्रॅक्टर सोडून धावत येतो; त्याला वाटतं विमान पडलं. समोर काच उघडते, आतून एक जण पट्टे तोडल्यासारखे सोडवत बाहेर पडतो आणि एक शब्द न बोलता मक्याच्या शेताकडे पळत सुटतो. शेतकऱ्याला वाटतं स्फोट होणार. तोही पळतो. एकदा भाचा असाच मक्यातून शांतपणे परत आला तेव्हा शेतकरी दोन बांध पलीकडे ट्रॅक्टरच्या चाकामागे बसला होता. विमानात पेट्रोलच नसतं, हे समजावून सांगायला भाच्याला बराच वेळ लागला. मग शेतकऱ्याने त्याला घरी नेलं, बिअर पुढे केली. भाच्याने एकच पेला घेतला. विमान घरी न्यायचा ट्रेलर यायला चार तास होते आणि मका जवळ होता, तरी सवय.

एवढं होऊनही सगळ्यांनी गुपचूप ठेवलेली ही गोष्ट आता गुपित राहिलेली नाही. बहुतेक ग्लायडरमध्ये जीपीएसचा लॉगर असतो. दर काही सेकंदाला तो जागा आणि उंची टिपतो, आणि संध्याकाळी सगळ्यांचे मार्ग सगळ्यांना नकाशावर बघता येतात. सरळ जाणारी रेघ एका ठिकाणी अचानक थरथरते, डावीकडे जाते, उजवीकडे येते, दोनेकशे मीटर उंची उगाच घालवते आणि पुन्हा सरळ होते. जाणत्यांना त्या रेघेचा अर्थ लगेच कळतो. नवे मात्र फसतात. एका स्पर्धेत भाचा त्या दिवशी दुसरा आला होता. त्याची युक्ती काय असावी म्हणून एका उत्साही मुलाने रात्रभर त्याची रेघ अभ्यासली, तो वाकडातिकडा तुकडा नोंदवून घेतला आणि दुसऱ्या दिवशी भर स्पर्धेत वाट वाकडी करून बरोबर त्याच जागी थर्मल शोधत अर्धा तास फिरत राहिला. संध्याकाळी येऊन म्हणाला, तिथे काहीच सापडलं नाही.

"सापडेल कसं?" मामी म्हणाली. "पिशवी तर तू घरी आणलीस."